शिशाची तूट

आमच्या स्वयंपाकघरांतील शेगडी पेटविण्याचा लायटर गेल्या आषाढाच्या तोंडावर निवर्तला. त्याच्या अखेरच्या चार दिवसांत आमची सौभाग्यवती त्याला 'मेला' म्हणतच होती. पांचव्या दिवशीं तें विशेषण खरें ठरलें. सात-आठ वर्षें दिवसांतून निदान पांच वेळां 'टक्' करून ज्यानें आमचा चहा, आमचा भात आणि पाहुण्यांचे पोहे यांचा श्रीगणेशा केला, त्या सेवकाचा अंत्यविधि कसा करावा हा प्रश्न मग माझ्याकडे आला. "अहो, टाका तो आतां घंटागाडींत," असें म्हणून तिनें तो माझ्या हातीं दिला. घंटागाडीला दोन कप्पे असतात, एक ओल्या कचऱ्याचा आणि एक सुक्याचा. यांपैकीं कोणत्या कप्प्यांत तो टाकावा हें मला ठरवितां येईना. पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक असूनहि ठरवितां येईना असें म्हणण्यापेक्षां, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक असल्यामुळेंच ठरवितां येईना असें म्हणणें अधिक खरें होईल.

रविवारची दुपार पाहून मीं तो उघडला. आंत एक स्प्रिंग, एक लहानसा हातोडा आणि करंगळीच्या पेराहूनहि बारीक अशा राखी रंगाच्या दोन कांड्या निघाल्या. त्या तळहातावर घेतल्या आणि शाळेंतला जुना सोबती एखाद्या आडस्टेशनावर अवचित भेटावा तसें मला झालें. माझ्या तारुण्याचीं सहा वर्षें असल्याच कांड्या आणि वड्या भाजण्यांत गेलीं आहेत.

या कांड्या दिसतात खापराच्या; आणि एका अर्थीं त्या खापरच आहेत. माती भाजून जसें गाडगें होतें, तशीं कांहीं धातूंचीं भस्में एकत्र खलून, साच्यांत दाबून, भट्टींत भाजलीं म्हणजे ही वस्तु सिद्ध होते. मात्र गाडग्यावर हातोडी मारली तर गाडगें फुटतें, हिच्यावर मारली तर कांहीं हजार व्होल्टांची ठिणगी पडते. दाबानें वीज उत्पन्न होण्याचा हा गुण झाक आणि प्येर क्यूरी या दोघां भावांनीं १८८० सालीं प्रथम दाखविला. तोहि एखाद्या अद्भुत पदार्थांतच नव्हे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोटांत जी गारगोटी ठिकठिकाणीं सांपडते, तिच्या जातीच्या स्फटिकांतसुद्धां. पुढें १९२० सालीं अमेरिकेंत व्हॅलासेक यानें रोशेल क्षार नांवाच्या एका क्षारांत त्याहून पुढचा गुण पाहिला. त्या क्षाराच्या अंगचा विजेचा कल बाहेरून वीज लावून उलटा फिरवितां येत होता आणि बाहेरची वीज काढून घेतली तरी तो फिरलेलाच राहत होता. लोखंडांत चुंबकत्व मुरून राहतें तशी ही मुरलेली वीज. म्हणून या गुणास लोहाचें नांव मिळालें, आणि ज्यांत लोखंडाचा लवलेशहि नाहीं असे पदार्थ 'फेरोविद्युत्' या आडनांवानें जगभर वावरूं लागले. आडनांवांचें असेंच असतें. कुलकर्णी म्हणविणाऱ्या किती जणांनीं आजवर गांवचें दप्तर लिहिलें असेल?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिका, रशिया आणि जपान या तिन्ही देशांतील शास्त्रज्ञांना, एकमेकांना नकळत, बेरियम टायटॅनेट या भाजलेल्या खापरांत हा गुण आढळला. आणि मग १९५२ च्या सुमारास जपानांत व १९५४ त अमेरिकेंत शिसें, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या मिश्रणाकडे लोकांचें लक्ष गेलें. तेव्हांपासून या क्षेत्रांत शिशाचें राज्य सुरू झालें, तें अद्यापि चालू आहे. झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांचें प्रमाण बावन्नास अठ्ठेचाळीस असें धरलें म्हणजे तो पदार्थ दोन निरनिराळ्या स्फटिकरचनांच्या अगदीं सरहद्दीवर येऊन उभा राहतो. निपाणीकडचा किंवा अक्कलकोटकडचा माणूस बोलतां बोलतां मराठींतून कानडींत शिरतो आणि तें त्याचें त्यालाहि कळत नाहीं. तितक्याच सहजपणें या पदार्थांतील विजेचा कल इकडून तिकडे वळतो. वळणें सोपें म्हणूनच थोड्या दाबांत पुष्कळ वीज. पण या सगळ्या चपळाईचा खरा धनी शिसें आहे. शिशाच्या अणूच्या बाहेरच्या बाजूचे दोन इलेक्ट्रॉन असे विक्षिप्त आहेत कीं, ते एका अंगास कलून बसतात. त्यांच्या कलण्यानें अणु मध्यावरून सरकतो आणि त्याच्यामागें सारा स्फटिक कलतो. वजनानें पाहिलें तर त्या राखी कांडीचा शंभरांत साठांहून अधिक भाग शिसेंच असतें.

वाचकांपैकीं ज्यांना आपल्या घरांत शिसें नाहीं अशी खात्री असेल त्यांनीं ती सोडून द्यावी. मोटार मागें घेतांना भिंत जवळ आली म्हणून जें यंत्र किणकिणतें, त्यांत बहुधा हीच वस्तु असते. घराच्या दारावरची चोरघंटा, मुलांच्या खेळण्यांतील पिपाणीसारखा आवाज, दवाखान्यांतील सोनोग्राफी, सगळीकडे हीच. माझ्या मुलीचें पहिलें दर्शन मला झालें तें तिच्या जन्माआधीं पांच महिने, एका अंधाऱ्या खोलींत, एका करड्या पडद्यावर. डॉक्टरीणबाईंच्या हातांतील त्या दांड्याच्या टोकाशीं शिशाची वडी थरथरत होती. तिचा कानाला न ऐकूं येणारा नाद गर्भापर्यंत जात होता आणि तेथून परतत होता. हें ज्ञान मला त्या खोलींतहि होतें, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. ज्या धातूचा घात लहान मुलांच्या मेंदूला सर्वांत अधिक होतो, ज्याची अमुक मात्रा निर्धोक असें जागतिक आरोग्य संघटनेलाहि सांगतां येत नाहीं, त्याच धातूच्या डोळ्यांनीं मी माझें मूल पाहत होतों. यांत भिण्यासारखें कांहीं नव्हतें हेंहि लगेच सांगितलें पाहिजे. एकदां भाजून पक्क्या झालेल्या वडींतून शिसें सहसा बाहेर पडत नाहीं. तें बाहेर पडतें वडी करतांना, आणि वडी टाकून दिल्यावर. मधल्या काळांत आपण तिचा उपयोग करतों आणि दोन्ही टोकांस कोण उभें आहे हें आपणांस दिसत नाहीं.

शिशाचा आणि आपला घरोबा तसा जुना आहे. ज्या शेंदरानें आमचे मारुति आणि गणपति पिढ्यान् पिढ्या माखले गेले, तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचें तांबडें भस्म. शिशाचें पिवळट भस्म म्हणजे मुरदाडशिंग. जुन्या घरांतून तें मलमासाठीं ठेवलेलें असे. आणि ज्या मराठी वाङ्मयावर आम्हीं पोसलों, तें सगळें शिशाच्या खिळ्यांनींच छापलेलें. (शिसपेन्सिल तेवढी नांवाची धनी, तिच्यांत शिसें नाहीं.) खिळ्यांवरून एक आठवलें. बेंजामिन फ्रँक्लिन हा मूळचा छापखान्यांतला. १७८६ सालीं, म्हणजे म्हातारपणीं, एका मित्रास लिहिलेल्या पत्रांत त्यानें तरुणपणची एक हकीकत सांगितली आहे. लंडनच्या छापखान्यांत ओले खिळे विस्तवापुढें वाळवीत, आणि थंडीच्या दिवसांत ते ऊन ऊन खिळे हातांत घेऊन जुळविणें त्याला सुखाचें वाटे. तेथल्या एका वृद्ध कामगारानें त्याला सांगितलें, असें करूं नकोस, हात जातील. हात खरोखर जात. मनगटें लोंबत, बोटांतलें बळ जाई. म्हणजे अठराव्या शतकांतच कामकऱ्यांना जें ठाऊक होतें, तें १९९४ सालीं मला पुस्तकांतून ठाऊक होतें. ठाऊक असणें आणि ध्यानांत असणें या दोन वस्तु निराळ्या आहेत.

त्या वेळीं मी एका संस्थेंत संशोधनाचें काम करीत होतों. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. तिच्या एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला खलबत्ता आणि तराजू, मध्यें एक टेबल. धूर ओढून घेणारें कपाट मागवावयाचें आहे अशी नोंद दप्तरीं होती. ती माझ्या आधींच्या विद्यार्थ्याच्या वेळेपासून होती आणि माझ्या नंतरच्या विद्यार्थ्यालाहि ती वारशानें मिळाली. भस्में खलण्याचें काम मोठें कंटाळवाणें. अगेटच्या खलांत चार-चार, सहा-सहा तास बत्ता फिरवावा लागे. तें काम आम्ही विद्यार्थी करीत असूं, आणि आम्ही कंटाळलों म्हणजे 'मामा' करीत. मामा हे प्रयोगशाळेचे परिचर. मराठवाड्यांतील महाविद्यालयांत शिपाई मंडळींना मामा म्हणण्याची चाल आहे. त्यांत जिव्हाळा असतो आणि नांव लक्षांत ठेवण्याचे श्रमहि वांचतात.

शिशाच्या तांबड्या भस्माची बाटली प्रथम उघडली तेव्हां मामांनीं ती उजेडांत धरली आणि म्हणाले, "सर, हा तर मारुतीचा शेंदूर." तें अगदीं बरोबर होतें. त्या वर्षीं खंडेनवमीला त्यांनीं भट्टीची पूजा केली, नारळ फोडला आणि त्याच बाटलींतील चिमूटभर भस्म तेलांत कालवून भट्टीच्या कपाळीं टिळा लावला. आमच्या मार्गदर्शकांपासून सर्वांनीं हात जोडले. प्रसादाचें खोबरें मामांनीं त्याच हातांनीं वांटलें आणि आम्हीं त्याच टेबलाशीं उभें राहून तें खाल्लें. रोजचे डबेहि तेथेंच उघडत. बाहेर ऊन फार असे.

आतां त्या भट्टींत काय होई तें सांगितलें पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्यावर अवलंबून आहे. वडी पक्की होण्यास बाराशें अंशांहून अधिक उष्णता लागते. पण शिशाचें भस्म त्याच्या पुष्कळ आधींच वितळतें आणि मग त्याची वाफ होऊं लागते. म्हणजे ज्या शिशासाठीं एवढा खटाटोप, तें वडी पक्की होण्याच्या आधींच निघून जाऊं पाहतें. त्याला दोन उपाय आहेत. वडी झांकणाच्या मुशींत ठेवून भोंवतीं शिशाचीच भुकटी पसरावयाची हा एक; आणि जाणार तें जाणारच असें धरून आरंभींच शेंकडा दोन ते पांच टक्के शिसें जास्त घालावयाचें हा दुसरा. वाण्याकडून गहूं आणतांना निवडतां निवडतां घट येणार म्हणून अदपाव जास्त घ्यावेत, तसें. भट्टींत घालण्यापूर्वीं वडी तोलावयाची, बाहेर काढल्यावर पुन्हां तोलावयाची, आणि दोन वजनांमधील अंतर वहींत मांडावयाचें. माझ्या प्रबंधांत यासाठीं एक स्वतंत्र रकाना आहे. त्याचें इंग्रजी मथळ्यांतलें नांव मराठींत सांगावयाचें तर 'शिशाची तूट'. दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत मीं ती तूट काढली होती. परीक्षकांनीं त्या काटेकोरपणाबद्दल शाबासकी दिली होती.

या प्रबंधाची एक प्रत माझ्या घरच्या कपाटांत आहे. ती गेल्या वर्षीं मीं माझ्या एका विद्यार्थिनीला वाचावयास दिली. मुलगी वाळूजची. तेथें मोटारसायकलींचा मोठा कारखाना १९८५ सालीं सुरू झाला आणि तेव्हांपासून नगरच्या रस्त्यावरील या गांवाचें रूप पालटलें. तिचे आजोबा ज्या जमिनींत बाजरी काढीत तेथें आतां पत्र्याच्या शेडी आहेत, आणि वडील त्यांपैकींच एका शेडींत पाळीनें कामाला जातात. ती शिशावांचून असली वडी करण्याच्या खटपटींत आहे. प्रबंध परत देतांना तिनें तो रकाना उघडून माझ्यापुढें धरला आणि विचारलें, "सर, ही तूट गेली कुठें?"

मीं उत्तर दिलें, "हवेंत." हें उत्तर शास्त्रदृष्ट्या निर्दोष होतें. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे खोलींतल्या?"

तीस वर्षें मी या रकान्याकडे पाहत आलों होतों. त्यांतील आंकडे मला अद्यापि तोंडपाठ आहेत. पण तूट म्हणजे कमी होणें, आणि जें एका ठिकाणीं कमी होतें तें दुसऱ्या ठिकाणीं जमा होतें, हा हिशेब पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकविणाऱ्या मला तो कधीं सुचला नव्हता. खोलींतील हवा आमच्या जमाखर्चांत नव्हतीच. तेथें कोण श्वास घेत होतें हें विचारावयाचें तर मी होतों, माझे दोन सोबती होते. पण आम्ही वाचनालयांत जात असूं, चहाला जात असूं, सुटींत गांवीं जात असूं. दिवसभर तेथें असत ते मामा. भट्टी थंड झाली म्हणजे कोरड्या फडक्यानें ती आंतून पुसणारेहि तेच.

शिशावांचून वडी करण्याचा हा विचार आमच्या विद्यार्थिनीचा एकटीचा नाहीं हें सांगणें नलगे. युरोपांतील राष्ट्रांनीं २००२ सालीं कायदा केला आणि १ जुलै २००६ पासून विद्युत्-यंत्रांतील कोणत्याहि एकजिनसी भागांत हजारीं एक भागाहून अधिक शिसें असूं नये असें ठरविलें. आपल्याकडेहि २००० सालीं पेट्रोलमधील शिसें गेलें आणि २०११ च्या ई-कचऱ्याच्या नियमांत तीच हजारीं एकाची मर्यादा आली. हजारीं एक कोठें आणि आमच्या वडींतील शंभरीं साठ कोठें! पण या वडीला मात्र कायद्यानें सवलत दिली, आणि ती सवलत वेळोवेळीं वाढतच आली आहे. कारण हिच्या तोडीचें दुसरें कांहीं हातीं नाहीं. कायद्यानें हात टेकलेले पाहून शास्त्रज्ञांना आवेश चढला. २००४ सालीं जपानांतील टोयोटाच्या प्रयोगशाळेनें पोटॅशियम, सोडियम आणि नायोबियम यांच्या मिश्रणापासून शिशाच्या जवळपास येणारी वस्तु केली, आणि त्या दिवसापासून जगभर याच मिश्रणाच्या मागें माणसें लागलीं. २००९ सालीं चिनी शास्त्रज्ञांनीं बेरियम आणि कॅल्शियम यांची अशी वडी केली कीं ती शिशालाहि मागें टाकते. तिचा दोष एवढाच कीं पाणी उकळण्याच्या आधींच तिचा गुण नाहींसा होतो. मोटारीच्या इंजिनाजवळ तिला बसविणें म्हणजे लोण्याच्या गोळ्याला चुलीपाशीं राखण बसविणें. शिशाचा शेजारी बिस्मथ. त्याचेहि इलेक्ट्रॉन तसेच विक्षिप्त, आणि अंगीं विष जवळजवळ नाहीं, उलट पोटदुखीवर त्याचें औषध देतात. पण त्याची वडी दोनशें अंशांच्या आसपास आपली शिस्त सोडते. हें सगळें वाचलें म्हणजे शिशाबद्दल मनांत राग राहत नाहीं, थोडी आदराचीच भावना येते. दुष्ट मनुष्य कर्तबगार असावा, तसें तें आहे.

आमच्या विद्यार्थिनीनें जपानी मिश्रण निवडलें आहे. त्यांतला पोटॅशचा क्षार हवेंतील ओलावा अधाशासारखा शोषतो. उन्हाळ्यांत तिच्या वड्या बऱ्या जमल्या. मृग लागला आणि तराजूवर ठेवलेली पूड आमच्या डोळ्यांदेखत वजनानें वाढूं लागली. दोनशें अंशांवर ती वाळवावी, गरम आहे तोंच तोलावी, तेवढ्यांत कोणी दार उघडावें आणि सगळें मुसळ केरांत. एके दिवशीं तिनें आदल्या आठवड्याची वडी डबींतून काढली तर ती ढेकळासारखी बोटांखालीं चुरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलें पाहून मीं तिला शिशाच्या वड्या किती गुणी असत हें सांगूं लागलों आणि अर्ध्यावर थांबलों.

एवढ्यानें भागलें असतें तर बरें होतें. पण मुलगी वाचणारी. तिनें एक दिवस इंग्रज संशोधकांचा २०१६ सालचा निबंध आणून दाखविला. खाणीपासून भट्टीपर्यंतचा सर्व हिशेब मांडून त्यांनीं असें दाखविलें आहे कीं, एकंदर सृष्टीवरचा भार पाहिला तर ही शिशावांचूनची वडी शिशाच्या वडीहून निर्मळ ठरत नाहीं. कारण तिच्यांतील नायोबियम. जगाचें बहुतेक नायोबियम ब्राझीलमधून येतें. डोंगर फोडून, दळून, आटवून तें शुद्ध करण्यांत जी शक्ति खर्च होते, तिचा धूर आणि खाणींतला गाळ हा सगळा आमच्या पांढऱ्याशुभ्र पुडीच्या मागें उभा आहे. "म्हणजे यांतहि तूट आहेच, सर," ती म्हणाली, "फक्त आपल्या खोलींत नाहीं." मला यावर उत्तर सुचलें नाहीं. मात्र आपल्या खोलींत नाहीं हें मला थोडें समाधानाचें वाटलें, हें कबूल केलें पाहिजे. आणि तें समाधान फारसें भलें नव्हे हेंहि.

मामा निवृत्त होऊन वाळूजला मुलाकडे राहतात हें मला ठाऊक होतें. माझ्या घरापासून फार तर दोन मैल. इतकीं वर्षें जाणें झालें नव्हतें. आषाढीच्या आदल्या दिवशीं गेलों. वाळूजजवळ धाकटें पंढरपूर आहे. ज्यांना थोरल्या पंढरपुरास जाणें घडत नाहीं अशीं माणसें लाखांनीं तेथें येतात, आणि त्या दिवसांत नगरच्या रस्त्यावर मोटारींपेक्षां टाळच अधिक ऐकूं येतात. मामा ओसरीवर बसले होते. पंचाहत्तरीचे असतील. त्यांनीं मला ओळखलें, सुनेला हांक मारली, चहा सांगितला. सुनेनें कपबशी त्यांच्या हातीं न देतां पुढ्यांत ठेवली, आणि त्यांनीं ती दोन्ही हातांच्या ओंजळींत धरून उचलली. "बोटांत जोर न्हाई राह्यला आता," ते म्हणाले, "वय झालं."

वय झालें होतें हें खरेंच. माझ्या डोळ्यांपुढें मात्र फ्रँक्लिनचा तो वृद्ध कामगार उभा राहिला. मीं बोलावयास आरंभ केला. शेंदूर, भट्टी, वाफ, खोलींतली हवा, धूर ओढणारें कपाट जें कधीं आलें नाहीं, असें मी पुष्कळ वेळ बोललों. वर्गांत बोलतों त्याहून वाईट बोललों. त्यांनीं सगळें ऐकून घेतलें. मग हंसून म्हणाले, "आवो सर, तुमी बी तिथंच डबा खात व्हते की."

या वाक्यांत क्षमा होती, कीं माझ्या विशेष अपराधी होण्याच्या हौसेवर केलेली ती थट्टा होती, हें मला अजून कळलें नाहीं. "चला, आपण दोघेहि रक्त तपासून घेऊं," मीं म्हटलें. ते म्हणाले, "एकादशी होऊन जाऊं द्या."

बारस सोडून आम्ही गेलों. चार दिवसांनीं आंकडे आले. दोघांचेहि काळजी करण्यासारखे नव्हते. मला हलकें वाटलें आणि तें मीं डॉक्टरांना बोलून दाखविलें. डॉक्टर तरुण होते आणि सरळ होते. ते म्हणाले, रक्तांतलें शिसें हें अलीकडच्या कांहीं आठवड्यांचें बोलतें. तीस वर्षांपूर्वीं जें शरीरांत शिरलें त्यांतलें बरेंचसें निघून गेलें असेल, आणि राहिलेलें हाडांत जाऊन बसलें असेल. हाडांतून तें दशकें दशकें निघत नाहीं. बोटांचा अशक्तपणा त्यामुळेंच का, हें आज कोणालाहि सांगतां येणार नाहीं. मधुमेहानेंहि होतो, मणक्यानेंहि होतो, वयानेंहि होतो. मामा बाहेर बाकावर बसले होते. मीं त्यांना एवढेंच सांगितलें कीं रक्त चांगलें आहे. "मी म्हणलो न्हवतो?" ते म्हणाले. परततांना रिक्षांत त्यांनीं माझ्या मुलीची चौकशी केली. ती कोठें असते, काय करते. ती दूर असते आणि तिला आतां पांचवा महिना आहे, हें मीं सांगितलें.

लायटरच्या त्या दोन कांड्या मीं काड्यापेटींत घालून टेबलाच्या खणांत ठेवल्या आहेत. सौभाग्यवतीनें नवा लायटर आणला. त्यांतहि शिसेंच आहे, पण तिला मीं तें सांगितलेलें नाहीं. ती 'मग तुम्हीं तीस वर्षें केलें काय?' असें विचारील.

आमच्या प्रयोगशाळेंत धूर ओढणारें कपाट यावें म्हणून मीं अर्ज केला आहे. तीन दरपत्रकें जोडा असा शेरा मारून तो परत आला. तीन दरपत्रकें जोडून मीं तो पुन्हां धाडला आहे. परवां पावसानें दोन दिवस उघडीप दिली तेव्हां विद्यार्थिनीनें नवी वडी भाजली. भट्टी निवल्यावर ती तोलली. नेहमीप्रमाणें थोडी तूट आली, कारण पोटॅशियम आणि सोडियम हेहि त्या उष्णतेंत थोडे उडून जातातच. तिनें वहींत तुटीचा आंकडा मांडला. मग पट्टी घेऊन त्या रकान्याच्या उजवीकडे आणखी एक उभी रेघ ओढली, वर 'कोठें गेली' असें लिहिलें, आणि खालीं पहिली नोंद केली: 'खोलींतील हवेंत. खिडक्या दोन्ही उघड्या. खोलींत माणसें दोन.'